सहज सुटी होणारी वस्तू कशी घडवायची: नव्या डिझायनरसाठी पायरीपायरीने

वस्तू कशी दिसेल, किती टिकेल, बनवायला काय खर्च येईल यावर आपण महिनोन्महिने खल करतो. ती निकामी होऊन कुणाच्या तरी टेबलावर खोलायला येईल तेव्हा काय होईल, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा निघतो तो साचे कापून झाल्यावर. तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं.

मी विजेवर चालणाऱ्या छोट्या उपकरणांची बांधणी करते. 'रिसायकलिंगचा विचार करून डिझाइन करा' असं सगळेच सांगतात. पण उद्या सकाळी कामाला बसल्यावर आधी काय करायचं, कोणता तक्ता मांडायचा, साचेवाल्याशी काय बोलायचं, हे एका जागी सांगणारं मला कुणी भेटलं नाही. म्हणून हा लेख. माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे: वस्तूचं पुढे काय होणार हे तिच्या साहित्यापेक्षाही तिच्या जोडांवर जास्त ठरतं. चांगलं प्लॅस्टिक आणि चांगलं अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना कायमचं चिकटवलं, की दोन्ही वाया जायची वाट मोकळी होते.

उदाहरणासाठी एकच वस्तू धरते: चार्जिंगची टॉर्च. एबीएस या कडक प्लॅस्टिकची बॉडी, पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची पुढची काच, दिव्याची उष्णता शोषणारी अ‍ॅल्युमिनियमची तबकडी, एक सर्किट, लिथियमचा सेल, रबरी बटण. छोटी वस्तू आहे, पण या विषयातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी तिच्यात सापडतात.

सुरू करण्याआधी काय जवळ हवं

हत्यारं: साधे, चौफुली आणि टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीचे) स्क्रूड्रायव्हर, प्लॅस्टिकची पातळ पट्टी (क्लिपा उचकटायला), चिमटा, पक्कड, लोहचुंबक, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, व्हर्निअर, घड्याळ आणि वरून चित्रण करता येईल असा फोन.

कागद: सुट्या भागांची यादी, प्रत्येक प्लॅस्टिकचं पुरवठादाराकडून आलेलं माहितीपत्रक, आणि ज्या बाजारपेठेत वस्तू विकायची तिथले बॅटरी व ई-कचऱ्याचे नियम. सुट्या भागांच्या यादीत तीन रकाने आजच वाढवा: नेमकं साहित्य, वजन, आणि 'शेजारच्या भागाला कशाने जोडला आहे'. तिसरा रकाना पुढे सगळ्यात जास्त कामाला येतो. 'साहित्य: प्लॅस्टिक' असं कुठे लिहिलेलं दिसलं, तर ते भरणाऱ्याकडे परत पाठवा.

१. दुसऱ्याची वस्तू खोला

स्वतःच्या आराखड्याला हात लावण्याआधी, तुम्ही बनवणार आहात तशीच बाजारातली एखादी वस्तू घ्या आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत खोला. शक्यतो जुनी, वापरून टाकलेली घ्या. नव्या वस्तूची क्लिप लवचीक असते आणि स्क्रू गंजलेला नसतो, त्यामुळे नवी वस्तू खोलून खरा अंदाज येत नाही.

खोलताना प्रत्येक पायरीची नोंद करा: काय काढलं, कोणत्या हत्याराने, किती वेळ लागला, काय तुटलं. सगळ्यात महत्त्वाची नोंद म्हणजे तुम्ही कुठे थांबलात. 'आता कुठून उघडायचं?' म्हणून वस्तू हातात फिरवण्यात जो वेळ जातो, तो स्क्रू काढण्यात जाणाऱ्या वेळेहून कितीतरी जास्त असतो. ही गोष्ट वाचून पटत नाही, स्वतः खोलून पाहावंच लागतं.

जपून करा. वस्तू प्लगमधून काढलेली असली तरी पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहू शकतो. लिथियमच्या सेलजवळ धातूचं टोकदार हत्यार नेऊ नका. सेलला भोक पडलं तर आग लागू शकते. मायक्रोवेव्ह आणि जुने काचेच्या नळीचे टीव्ही अभ्यासासाठी खोलायला घेऊच नका, त्यांच्यातला साठलेला भार जीवघेणा असतो.

सगळे भाग सुटे झाले की वजन करून साहित्यानुसार ढीग लावा. चुंबक फिरवून पोलाद वेगळं काढा. जे कोणत्याच ढिगात घालता येत नाही, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये रुतलेलं पितळ, काचेला चिकटलेलं रबर, त्याचा एक वेगळा ढीग करा. तुमच्या आराखड्यात हा ढीग जितका लहान, तितकं तुमचं काम चांगलं.

२. वस्तू शेवटी कुणाच्या हाती जाईल ते ठरवा

टाकून दिलेल्या उपकरणाला साधारण दोन वाटा असतात. एक म्हणजे माणूस हाताने खोलतो. दुसरी म्हणजे धोकादायक भाग वेगळे काढून उरलेली वस्तू श्रेडरमध्ये, म्हणजे तुकडे करणाऱ्या यंत्रात, जाते. तिथे तिचे तुकडे होतात, चुंबक लोखंड-पोलाद उचलतो, भोवरा-प्रवाहाचं (एडी करंट) यंत्र अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं उडवून बाजूला टाकतं, आणि उरलेलं प्लॅस्टिक पाण्यात किंवा मिठाच्या द्रावणात टाकून घनतेनुसार वेगळं केलं जातं. पुढे अवरक्त किरणांनी प्लॅस्टिकचा प्रकार ओळखणारी यंत्रंही असतात.

आपली वस्तू कोणत्या वाटेने जाईल हे आपल्या हातात नसतं, म्हणून दोन्ही डोक्यात ठेवायच्या. हाताने खोलणाऱ्यासाठी वेळ महत्त्वाचा. त्याला एका वस्तूतून जे मिळतं ते थोडं असतं, त्यामुळे खोलायला वेळ लागणार असेल तर तो हातोडा उचलतो, आणि त्याचं काही चुकत नाही. श्रेडरच्या वाटेवर महत्त्वाचं हे की तुकडे झाल्यावर दोन साहित्यं एकमेकांपासून आपोआप सुटतात का.

चुकीच्या ढिगात गेलेलं साहित्य बहुतेक वेळा कायमचं जातं. पोलादात मिसळलेलं तांबं नेहमीच्या भट्टीत काढता येत नाही आणि पोलाद तापवून लाटताना त्याच्या पृष्ठभागाला भेगा पडतात. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंड विरघळलं की तेही व्यवहारात बाहेर निघत नाही. पुढची ओतीव वस्तू ठिसूळ होते. सर्किट तांब्याच्या भट्टीत गेलं तर त्यातलं सोनं, चांदी, पॅलेडियम परत मिळतं. पण त्याच्यासोबत चिकटून गेलेली आपल्या टॉर्चची अ‍ॅल्युमिनियमची तबकडी तिथे मळीत जाते. म्हणजे सर्किट आणि तबकडी यांच्यातला एक जोड ठरवतो की धातू वाचणार की जाणार.

३. आधी काय बाहेर निघायला हवं याचा क्रम लावा

सगळंच सहज निघालं पाहिजे असं म्हणत बसलात तर काहीच धड होणार नाही. तीन प्रकारचे भाग आधी निघायला हवेत: धोकादायक, मौल्यवान, आणि जे लवकर बिघडतात.

धोकादायक भागांसाठी युरोपीय संघाच्या ई-कचरा निर्देशाची (२०१२/१९) सातवी पुरवणी चांगली आधाराला येते, तुम्ही जगात कुठेही असलात तरी. बॅटरी, १० चौरस सेंटिमीटरहून मोठी सर्किटं, १०० चौरस सेंटिमीटरहून मोठे एलसीडी पडदे, पारा असलेले भाग, ब्रोमीनयुक्त अग्निरोधक घातलेलं प्लॅस्टिक, बाहेरची वायर: हे सगळं वेगळं काढलंच पाहिजे असं ती यादी सांगते. जे काढायलाच लागणार आहे ते खोल आत कशाला दडवायचं?

बॅटरीचा विचार सगळ्यांत आधी करा. श्रेडरमध्ये गेलेला लिथियम सेल आग लावतो, आणि तिथे माणसं काम करत असतात. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या हत्यारांनी, उष्णता किंवा द्रावक न वापरता. ओल्या जागी वापरायच्या काही उपकरणांना त्यात थोडी सूट आहे. पण मी म्हणते सूट असली तरी घेऊ नका. बॅटरी काढता आली की वस्तूचं आयुष्यही वाढतं, आणि रिसायकलिंगपेक्षा ते केव्हाही चांगलं.

टॉर्चमध्ये मी सेल मागच्या टोकाला ठेवते, स्वतःच्या झाकणाखाली. सेल काढायला पुढचा दिवा किंवा सर्किट हलवावं लागता कामा नये. सेलला वायर झाळू नका. स्प्रिंगचे संपर्क किंवा ओढून निघणारा कनेक्टर द्या.

४. साहित्य: प्रकार कमी, एकमेकांशी पटणारे

प्लॅस्टिकचे प्रकार जितके कमी तितकं बरं, हे खरं. पण नुसतं मोजून भागत नाही. कोणतं कोणाशेजारी ठेवता हे पाहा. ढोबळ घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, पाण्याची १) पाठ असू द्या: पीपी (पॉलिप्रॉपिलीन) ०.९०, पीई (पॉलिइथिलीन) ०.९१ ते ०.९७, एबीएस आणि पॉलिस्टायरीन १.०५ च्या आसपास, पॉलिकार्बोनेट १.२, पीईटी १.३८, पीव्हीसी सुमारे १.४. पाण्यात पीपी, पीई तरंगतात, बाकीचे बुडतात. पीईटीच्या बाटलीला पीपी किंवा पीईचं झाकण का चालतं, ते यावरून कळतं: तुकडे करून पाण्यात टाकले की दोघं आपोआप वेगळे होतात. तेच झाकण किंवा लेबल पीव्हीसीचं असेल तर ते पीईटीबरोबर बुडतं. पुढे पीईटी वितळवताना पीव्हीसी जळून आम्ल सोडतं आणि अगदी थोड्या पीव्हीसीने मोठा घाणा खराब होतो.

इथे एक फसगत नेहमी होते. मजबुतीसाठी पीपीमध्ये टाल्क (शंखजिऱ्याची खनिज पूड) भरणी म्हणून घालतात. २० टक्के टाल्क घातलेल्या पीपीची घनता १.०४-१.०५ होते. कागदावर ते पीपीच असतं, पण टाकीत ते एबीएस आणि पॉलिस्टायरीनसोबत बुडतं आणि त्यांचा ढीग नासवतं. कडकपणा हवा असेल तर आधी आतून फासळ्या देऊन पाहा, मगच भरणीकडे वळा.

दुसरी फसगत काळ्या रंगाची. काळं प्लॅस्टिक बहुतेक कार्बन ब्लॅकने रंगवलेलं असतं. तो अवरक्त किरण शोषून घेतो, त्यामुळे वर्गीकरणाच्या यंत्राला ते प्लॅस्टिक दिसतच नाही. या यंत्रांना दिसणारे काळे रंग आता मिळतात. रंग पुरवणाऱ्याला तसं स्पष्ट विचारा. राखाडी चालत असेल तर प्रश्नच मिटला.

रबरी पकड हवीच असेल तर जोडी बघून निवडा. पीपीवर एसईबीएस जातीचा टीपीई (वितळवता येणारं रबरासारखं प्लॅस्टिक) चढवला तर दोघं एकत्र वितळले तरी फार बिघडत नाही. भलत्या जोडीत रबर सुटतही नाही आणि मिसळतही नाही. टॉर्चचं बटण मी वेगळं ठेवते, नुसतं खाचेत दाबून बसवलेलं. ओढलं की येतं.

रंगकाम, क्रोमचा मुलामा, चिकटवलेलं कागदी लेबल: शक्य असेल तिथे तिन्ही टाळा. पोत साच्यातच द्या, अक्षरं साच्यातच कोरा.

अग्निरोधक लागणार असेल तर ब्रोमीनरहित मागा. युरोपातल्या प्रक्रियेत सुमारे २००० पीपीएमच्या (दहा लाखांत २००० भागांच्या) वर ब्रोमीन असलेलं प्लॅस्टिक वेगळं काढून बाजूला ठेवलं जातं. तुमची बॉडी कितीही शुद्ध एबीएस असली तरी ती त्याच ढिगात जाईल.

५. जोड

ही पायरी सावकाश वाचा.

स्क्रू. सगळीकडे एकच डोकं, एकच जाडी आणि एकच लांबी. हत्यार बदलायला लागणारा वेळ छोटा वाटतो, पण प्रत्येक वस्तूमागे तो लागतो. लांबीचा मुद्दा तर सुरक्षेचा आहे: जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन लांबीचे स्क्रू ठेवले, की दुरुस्तीनंतर लांब स्क्रू चुकीच्या जागी बसतो आणि खालच्या सर्किटला किंवा सेलला टोचतो. स्क्रू लेबलखाली किंवा चिकटवलेल्या रबरी पायाखाली दडवू नका. खोलणाऱ्याला तो सापडला नाही तर तो बॉडी फोडणार.

स्टेनलेसचा मोह आवरा. स्क्रूसाठी वापरतात ते नेहमीचं स्टेनलेस चुंबकाला फारसं लागत नाही, त्यामुळे श्रेडरनंतर ते चुंबकाखालून निसटतं. आतल्या कोरड्या जागेत जस्ताचा मुलामा दिलेला साधा पोलादी स्क्रू पुरतो.

प्लॅस्टिकमध्ये गरम करून बसवलेल्या पितळी बुशा मी शक्य तिथे टाळते. पितळ प्लॅस्टिकमधून सुटत नाही, आणि चुंबकालाही लागत नाही. क्वचित खोलायच्या जोडाला प्लॅस्टिकमध्ये स्वतःच आटे पाडणारा स्क्रू पुरेसा असतो. (तो परत लावताना आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात 'टक' करून बसला की मग आवळायचा. हे दुरुस्तीच्या पत्रकात लिहा, आटे वाचतात.) वारंवार खोलायचा जोड असेल तर बाजूने सरकवता येईल असा नट खाचेत ठेवा. स्क्रू निघाला की तो स्वतःच बाहेर पडतो.

क्लिपा. क्लिप म्हणजे हत्यार न लागणारा जोड, पण नीट हिशोब केला तरच. साध्या सरळ भुजेच्या क्लिपमध्ये येणारा ताण असा काढतात: १.५ गुणिले भुजेची जाडी गुणिले वाकण्याचं अंतर, भागिले भुजेच्या लांबीचा वर्ग. आपल्या टॉर्चच्या पुढच्या पॉलिकार्बोनेट कड्याची क्लिप घेऊ. जाडी १.५ मिमी, आकडी सुटायला १.२ मिमी वाकावं लागतं. भुजा ८ मिमी लांब ठेवली तर १.५ × १.५ × १.२ ÷ ६४, म्हणजे सुमारे ४.२ टक्के ताण. पॉलिकार्बोनेटला एकदाच वाकवायचं असेल तर साधारण ४ टक्के चालतो, आणि वारंवार उघडायचं असेल तर त्याच्या ६० टक्केच, म्हणजे २.४ टक्के धरायचा. म्हणजे ही क्लिप पहिल्याच वेळी मोडायच्या बेतात आहे. भुजा १२ मिमी केली की तोच आकडा १.९ टक्क्यांवर येतो. चार मिलिमीटर लांबीने मोडणाऱ्या क्लिपची उघडणारी क्लिप झाली. तुमच्या साहित्याची मर्यादा मात्र पुरवठादाराच्या पत्रकातून घ्या, माझ्या लेखातून नको.

आकडीचा कोन पाहा. आत शिरायची बाजू ३० अंशांच्या आसपास. सुटायची बाजू ४५ अंशांच्या जवळ असेल तर ओढून सुटते, ९० अंशांची असेल तर अडकूनच राहते. ९० अंश हवेच असतील तर आकडीसमोर भिंतीला खिडकी ठेवा, म्हणजे तिच्यातून स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून आकडी ढकलता येते. साचेवाल्यालाही ही खिडकी आवडते, कारण आकडीखालचा खाचा पाडायला साच्यात सरकता तुकडा बसवावा लागत नाही. समोरच्या बाजूचा गाभा खिडकीतूनच येतो. साचा स्वस्त आणि वस्तू उघडणारी, दोन्ही एकदम.

दोनपेक्षा जास्त क्लिपा एकाच वेळी दाबाव्या लागतील असं करू नका. माणसाला हात दोनच. क्लिप मोडायचीच असेल तर ती झाकणासारख्या स्वस्त भागाची मोडावी, मुख्य बॉडीची नव्हे.

गोंद. 'पाणी आत जाऊ नये म्हणून' हे गोंदाचं नेहमीचं कारण. आयपी६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. हे सिलिकॉनच्या ओ-रिंगने आणि स्क्रूच्या दाबाने साधतं. खाचेची खोली अशी ठेवा की रिंग सुमारे २० ते २५ टक्के दबेल. रिंग ओढून काढता येते, बदलताही येते. सेल हलू नये म्हणून काही चिकटवायचंच असेल तर ओढल्यावर ताणून सुटणारी पट्टी वापरा, आणि तिचं शेपूट बाहेर दिसेल असं ठेवा. शेपूट आत दबून राहिलं तर ती पट्टी आणि साधा गोंद यांत काही फरक नाही.

अल्ट्रासॉनिक वेल्डिंग. याला सरसकट नावं ठेवली जातात, पण विचार करून बोला. हे वेल्डिंग सारख्याच किंवा एकमेकांशी जुळणाऱ्या प्लॅस्टिकमध्येच होतं, त्यामुळे जोड म्हणून त्यात दुसरं साहित्य येत नाही. प्रश्न असतो आत काय कोंडलं याचा. आत नुसती हवा किंवा त्याच प्लॅस्टिकचा भाग असेल तर खुशाल करा. आत सेल किंवा सर्किट असेल तर मुळीच नको.

६. खोलण्याचा क्रम कागदावर काढा

प्रत्येक भागासाठी एक गोल काढा. 'हा निघण्याआधी तो निघायला हवा' असा बाण द्या. सेलच्या गोलापर्यंत येणारे बाण मोजा. एकाहून जास्त असतील तर मांडणी बदला. बाण फिरून परत त्याच गोलाकडे येत असतील तर तिथे काहीतरी तोडल्याशिवाय वस्तू निघणारच नाही. संगणकावरच्या आराखड्यात हे कळत नाही, कागदावर लगेच दिसतं.

शक्यतो सगळं एकाच दिशेने निघावं. वस्तू टेबलावर एकदा ठेवली की उलटसुलट करावी लागू नये.

वेळेचा अंदाज आधी काढायचा असेल तर ईडीआयएम नावाची पद्धत आहे. ती खोलण्याचं काम सहा तुकड्यांत मोजते: हत्यार बदलणं, जोड ओळखणं, वस्तू हाताळणं-फिरवणं, हत्यार जागेवर आणणं, जोड सोडवणं, भाग बाजूला काढणं. नुसती ही सहा नावं तक्त्यात लिहून भरली तरी वेळ कुठे जातो ते उघडं पडतं. दुरुस्तीची सोय जोखायला २०२० चं ईएन ४५५५४ हे मानक आहे, आणि फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीयोग्यतेचे १० पैकी गुण छापावे लागतात. त्यातही खोलण्याच्या सोयीला वेगळे गुण आहेत.

काय साध्य होतं याचा अंदाज हवा असेल तर स्टीलकेस कंपनीची २००४ सालची थिंक ही खुर्ची पाहा. साध्या हत्यारांनी सुमारे पाच मिनिटांत ती पूर्ण सुटी होते, असं कंपनी सांगत आली आहे. माणसाचं पूर्ण वजन वर्षानुवर्षं पेलणारी वस्तू असं करू शकत असेल, तर टॉर्चला सबब नाही.

७. खुणा

२५ ग्रॅमहून जड प्रत्येक प्लॅस्टिकच्या भागावर साहित्याची खूण हवी, हा बऱ्याच ठिकाणी पाळला जाणारा दंडक. मी जागा असेल तर त्याहून हलक्या भागांवरही करते. आयएसओ ११४६९ नुसार दोन कोनी कंसांच्या मध्ये साहित्याची संज्ञा लिहायची, भरणी असेल तर तिचं प्रमाणही. तीन बाणांच्या त्रिकोणातला १ ते ७ हा आकडा १९८८ मध्ये मुख्यतः बाटल्या-डब्यांसाठी आला. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट त्यात 'इतर' म्हणून ७ मध्येच येतात, त्यामुळे आपल्या कामाला तो अपुरा आहे.

उघडायच्या जागीही खूण करा: छोटा बाण, स्क्रूच्या भोकाभोवती उठावदार कडं, पट्टी घालायच्या फटीजवळ एक रेघ. शब्द नकोत, वस्तू कुठे जाईल आणि कोणती भाषा वाचणाऱ्याच्या हाती लागेल ते आपल्याला ठाऊक नसतं.

८. नमुना परक्या माणसाच्या हातात द्या

तुम्ही स्वतः खोलून पाहिलं, तर ती चाचणी नव्हे. आराखड्याशी संबंध नसलेला माणूस बोलवा, जमलं तर रोज उपकरणं खोलणारा. हातमोजे घालायला सांगा, कारण तो कामावर घालतोच. सूचना देऊ नका, फक्त 'सेल काढून दे' म्हणा. चित्रण करा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड.

त्याचा हात पहिल्यांदा कुठे गेला ते पाहा. टॉर्चच्या बाबतीत बहुतेकजण आधी पुढचं कडं पिळून पाहतात. मग कडं पिळूनच उघडेल असं करा की! लोकांच्या हाताला जे सुचतं त्याच्या विरुद्ध बांधणी करायची आणि मग पत्रक छापायचं, हा उलटा कारभार.

नमुना आधी जुना करून घ्या: थोडे दिवस उष्णतेत, धुळीत, दमट हवेत ठेवा. क्लिपा ठिसूळ होतात, स्क्रू धरतात, चिकटपट्टी घट्ट होते. खरी वस्तू खोलायला येईल तेव्हा अशीच असेल.

९. आक्षेप येतील, तयार राहा

'सुटे करता येणारे जोड म्हणजे कमकुवत वस्तू.' खुर्चीचं उदाहरण द्या, आणि पडण्याच्या चाचणीचे निकाल समोर ठेवा.

'लहान मुलं उघडतील.' हा आक्षेप खरा आहे. बटण सेल असलेल्या वस्तूत तर फारच गंभीर, कारण गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो. तिथे झाकण हत्याराशिवाय उघडता कामा नये. पण हत्याराने उघडणारं आणि कधीच न उघडणारं यात फरक आहे, तो बैठकीत ठणकावून सांगा.

'खर्च वाढेल.' कधी वाढतो, कधी कमी होतो. स्क्रूचे प्रकार कमी झाले, बुशा गेल्या, रंगकाम गेलं, तर जुळणीचा वेळही घटतो. दोन्ही बाजूंचा हिशोब मांडल्याशिवाय हे वाक्य मान्य करू नका.

आणि काही वेळा सुटं करण्याचा हट्ट चुकीचाही असतो. चमचा, हँगर, डब्याचं झाकण अशा वस्तू कुणी हाताने खोलत बसणार नाही. तिथे एकाच साहित्याची वस्तू करा आणि जोडच ठेवू नका.

१०. साचा कापण्याआधी

सोबत एका पानाचं खोलण्याचं पत्रक तयार ठेवा: सुट्या भागांचं चित्र, क्रम, लागणारी हत्यारं, धोक्याच्या जागा, प्रत्येक भागाचं साहित्य आणि वजन. ते संकेतस्थळावर उघडं ठेवा, नोंदणी न मागता. मॉडेलचा क्रमांक बॉडीवर साच्यातच कोरा. लेबल निघून गेलं तर पत्रक असून उपयोग नाही.

साचेवाल्याबरोबरच्या शेवटच्या बैठकीत चार गोष्टी विचारा. क्लिपांच्या खिडक्या शाबूत आहेत ना, का सोयीसाठी बुजवल्या? पट्टी घालायच्या फटीजवळची रेघ पॉलिश करताना जाणार तर नाही? नट सरकवायच्या खाचेला पुरेसा उतार आहे? आणि साहित्याची खूण साच्यात बदलता येणाऱ्या तुकड्यावर आहे का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. उत्पादन सुरू झाल्यावर पुरवठा अडला म्हणून एबीएसऐवजी पीसी-एबीएस (पॉलिकार्बोनेट आणि एबीएसचं मिश्रण) वापरायची वेळ येते. तुकडा बदलता येत असेल तर खूण त्याच दिवशी बदलते, नाहीतर वस्तूवर एक लिहिलेलं आणि आत भलतंच, अशा हजारो वस्तू बाहेर पडतात.